आभाळी घोडी, तिचा जेरबंद आणि माझे दीर

मी, खाली सही करणारी, वय सत्तरीच्या पुढे, धंदा घोडेस्वारी शिकवणे, असे लिहून ठेवते की आज माझे डोके ठिकाणावर आहे. तसा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. दाखला देणारे डॉक्टर माणसांचे आहेत, जनावरांचे नव्हेत. हे मुद्दाम लिहिते, कारण माझे दीर पुढे शंका काढतील. माझे कागदोपत्री नाव पाकिटावर आहे. एरवी मला सगळे मास्तरीण म्हणतात आणि त्याच नावाने हाक मारली तर मी वळून बघते. हे मृत्युपत्र करायला मला कोणी धमकावलेले नाही, फूस लावलेली नाही. कोणाच्या सांगण्याने वागणारी बाई असते, तर घोड्यांच्या धंद्यात पडलेच नसते.

वकीलीणबाई म्हणतात, कलमे थोडक्यात लिहा. बघू.

कलम पहिले. तबेल्यासमोरचे घर, म्हणजे दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि व्हरांडा, माझ्या मुलाला द्यावे. त्याला घोड्याच्या केसांनी शिंका येतात. लहानपणी तबेल्याच्या दारात उभा राहून तो मला 'आई' अशी हाक मारायला जायचा, 'आ'पर्यंत पोचायचा आणि पुढे शिंक यायची. पोरगा हाक मारतोय की नुसता शिंकतोय, हे मला कधी उमगले नाही. पुढे तो दातांचा डॉक्टर झाला. घोड्यांचे दात मी बघितले, माणसांचे तो बघतो; घराण्याची विद्या अगदीच वाया गेली असे नाही.

कलम दुसरे. बँकेतली शिल्लक सुनेला. मुलाला नाही. का, ते तिला विचारा, ती सविस्तर सांगेल.

कलम तिसरे. शेजारच्या गुलाबवाल्या बाईंनी लिदीच्या वासाबद्दल नगरपालिकेत तक्रार केली आणि त्याच आठवड्यात गुलाबांना खत हवे म्हणून कुंपणावरून बादली पुढे केली. त्यांना लीद यापुढेही फुकट मिळावी. मात्र बादलीला तक्रारीची नक्कल चिकटवलेली असावी.

कलम चौथे. माझे स्वारीचे बूट कोणाला देऊ नयेत. ते माझ्या स्वभावाचे झाले आहेत, दुसऱ्याला चावतील.

कलम पाचवे. आता मुख्य गोष्ट. ती कळायला आभाळी कोण आणि जेरबंद म्हणजे काय, हे आधी सांगायला हवे. वकीलीणबाईंनी घड्याळाकडे बघितले आहे. बघू द्या.

आभाळी ही आमची करडी घोडी. माझ्या दिवंगत पतींनी तिला केवळ मानेवर भाळून विकत घेतले. मान सुंदरच होती, पण ती तिने सतत आभाळाला लावलेली असे, म्हणून हे नाव. वर बसणाऱ्याला पुढचा रस्ता दिसत नसे, फक्त दोन कान दिसत. पहिल्याच दिवशी तिने डोके असे काही मागे फेकले की आमच्या ह्यांचे नाक डावीकडे वळले ते कायमचे. रुमाल नाकाला लावून हे म्हणाले, "काय मान आहे बघ!"

जेरबंद म्हणजे वर्तमानपत्रात चोर होतो तो नव्हे. शब्द तोच, पण मूळचा घोड्याचा. तो एक चामड्याचा पट्टा असतो. घोड्याच्या पोटाखालून खोगीर बांधणाऱ्या तंगापासून निघतो, पुढच्या पायांमधून छातीवर येतो, तिथे त्याला दोन फाटे फुटतात. प्रत्येक फाट्याच्या टोकाला एक कडी आणि त्या कड्यांतून लगामाच्या वाद्या ओवलेल्या. घोड्याने मान नीट ठेवली की पट्टा सैल लोंबतो, काही म्हणत नाही. मान फार वर गेली की तोच खाली ओढतो. मान खाली आली की पुन्हा गप्प. म्हणजे चुकले तरच बोलायचे आणि सुधारले की लगेच तोंड मिटायचे. असा मास्तर मी माणसांत पाहिलेला नाही. मी स्वतःही तशी नाही.

पण सगळे काम त्या सैलपणात आहे. कड्या वर ओढून बघाव्यात, घोड्याच्या घशापर्यंत आरामात पोचल्या पाहिजेत. पट्टा त्याहून आखूड केला तर तो शिकवत नाही, नुसता बांधून घालतो.

मी आभाळीला असा सैल जेरबंद घालून आधी लांब दोरीवर गोल फिरवले, मग पाठीवर बसून संथ चालवले, मग दुडक्या चालीने. ती मान वर फेकायची, पट्टा ओढायचा, ती चिडून थांबायची, मी वाट बघायची. हळूहळू तिच्या ध्यानात आले की ओढणारी बाई नाही, आपलीच मान आहे. पावसाळा गेला, थंडी आली, तेव्हा कुठे ती मान गोल करून, नाक पुढे ठेवून रिंगणाची एक पुरी फेरी मारू लागली.

आणि इथे माझे दीर येतात.

माझे दीर म्हणजे ह्यांचे धाकटे भाऊ. मी त्यांना भाऊजी म्हणते, लोक कॅप्टन म्हणतात. ते घोडदळात होते हे खरे, पण दाण्याच्या कोठारात. निवृत्त होऊन आमच्याकडे आले, दाणाघरावरच्या खोलीत राहिले आणि दुसऱ्या दिवसापासून कुंपणावर रेलून मला घोडेस्वारी शिकवू लागले.

"वहिनी, दोन भोकं आवळा. चार दिवसांत डोकं खाली येतं की नाही बघा."

"डोकं येईल भाऊजी. मान येणार नाही."

"डोकं काय मानेशिवाय येतंय?"

"तुमचं येतं ना कुंपणावरून रोज."

असे आमचे चालायचे. हे मधे पडून म्हणायचे, "दोघांचंही बरोबर आहे." त्या वाक्याने आमच्या घरात कधीच काही मिटले नाही.

मग स्वारीच्या शाळांचे प्रदर्शन आले. मांडव, परीक्षक, टेबलावर चकचकीत कप, बाजूला चहा आणि केक. मी आभाळीला घेऊन उतरणार होते. आमचा पुकारा वेळेआधीच झाला. खोगीर भाऊजींनी चढवले होते. मी टांग मारली आणि पहिल्या पावलालाच हाताला कळले की काहीतरी घोटाळा आहे. घोडीचे नाक छातीला चिकटलेले, डोळे पांढरे. मी मागे वळून पाहिले, तर भाऊजी फाटकाशी छाती काढून उभे.

घोड्याला वर जाता येईना, पुढे जाता येईना, की तो मागे जातो. आभाळी मागे गेली. रिंगण संपले तरी गेली. मांडवाची दोरी तुटली, परीक्षक उठून पळाले, आणि घोडी आपल्या भल्या थोरल्या बुडाने चहाच्या टेबलावर बसली. मी केकवर पडले. माझे मनगट मोडले, केकचे काही उरले नाही.

घोडीला आधी सोडवले, मग मला. भाऊजी धावत आले. मी विचारले, "आवळलात?"

ते म्हणाले, "दोनच भोकं. म्हटलं, परीक्षकांसमोर शोभा व्हावी."

शोभाच झाली.

त्या दिवसापासून मी भाऊजींशी बोलणे टाकले. पण तबेला एक, दाणा एक, घोडी एक. काम तर अडायला नको. म्हणून आम्ही आभाळीमार्फत बोलू लागलो. मी तिच्या ठाणाशी उभी राहून म्हणायची, "आभाळे, तुझ्या काकांना विचार, दाणा भिजवला का." काका पलीकडून म्हणायचे, "आभाळे, सांग, सकाळीच भिजवला." लेकी बोले सुने लागे म्हणतात, आमच्याकडे घोडी बोले, दिराला लागे. हे गेले, त्या दिवशीसुद्धा भाऊजी घोडीच्या गळ्यात हात टाकून तिला म्हणाले, "आभाळे, वहिनींना म्हणावं, दोन घास खाऊन घ्या." मी खाल्ले. पण उत्तर घोडीलाच दिले.

दरम्यान मी मनगट बरे होताच पट्टा पुन्हा मुळापासून सैल करून आभाळीला शिकवले. बुजलेल्या घोड्याला पुन्हा शिकवायला पहिल्यापेक्षा जास्त वेळ लागतो, लागला. शेवटी एक दिवस जेरबंद काढून खुंटीला अडकवला, तो पुन्हा घालावा लागला नाही. आता ती म्हातारी आहे, दात झिजलेत, पण मान अजून कोणी चित्रात काढावी अशी ठेवते.

कलम सहावे. (हे कलम रद्द आहे. तरी खोडू दिलेले नाही, कारण पुढचे कळणार नाही.) तबेला, रिंगण आणि आभाळीसह सगळे घोडे जनावरांच्या डॉक्टरांना द्यावेत. माझ्या दिरांना खुंटीवरचा जेरबंद द्यावा, म्हणजे त्यांना तो हवा तितका आवळता येईल. आवळताना आत घोडा नसावा.

इथपर्यंत मी आधी लिहून ठेवले होते. पुढचे आज सही करताना घडले, ते वकीलीणबाई 'नको, नको' म्हणत असताना लिहीत आहे.

वकीलीणबाईंनी साक्षीदार म्हणून नालबंदाला आणि भाऊजींना बोलावले होते. कलम सहाव्यात कोणाचा उद्धार केला आहे हे त्यांच्या लक्षात नव्हते. भाऊजी इस्त्रीचा शर्ट घालून, स्वतःचे पेन घेऊन आले. स्वयंपाकघरात घोडी नव्हती, म्हणून त्यांनी किटलीकडे बघून विचारले, "सही कुठे करायची?"

वकीलीणबाई कागद चाळत होत्या, त्या थबकल्या. "काका, एक अडचण आहे. ज्याला मृत्युपत्रातून काही मिळतं, त्यानं साक्षीदार होऊ नये."

"मला कोण काय देतंय?"

"एक चामड्याचा पट्टा मिळतोय."

भाऊजींनी कागद ओढून घेतला, चष्मा चढवला आणि कलम वाचले. मला वाटले, आता पेन आपटतील. नालबंदालाही वाटले असावे, त्याने आपला चहा उचलून हातात घेतला. पण ते परत वरच्या ओळीवर गेले.

"घोडी डॉक्टरांना?"

मी किटलीला म्हटले, "डॉक्टर आहेत ते. काळजी घेतील."

"ते दिवसभर गावभरच्या गायींमागे. हिला वेळेवर गाजर कोण देणार? तिला बारीक चिरून लागतं, दात झिजलेत."

"किटले, काकांना सांग, ज्याला पट्टा नको असेल त्यानं साक्षीदार व्हावं. एक सही केली की पट्टाही गेला, कटकटही गेली."

भाऊजींनी पेन उघडले. कागदावर टेकवले. मग उचलले, टोपण लावले आणि खिशात ठेवले.

"वहिनी," ते म्हणाले.

मी किटलीकडे बघितले. ते किटलीकडे बघत नव्हते.

"वहिनी, घोडी मला हवी."

बायको नाही, मूल नाही, स्वतःचे म्हणून एक ट्रंक. या माणसाने आयुष्यात काही मागितल्याचे मी ऐकले नव्हते. सल्ला द्यायचे, मागायचे काही नाही. मी विचारले, "का?"

"रोज सकाळी गाजर घेऊन जातो. ती आपण होऊन मान खाली करते आणि इथं टेकवते." त्यांनी खांद्यावर हात ठेवला. तिथे शर्टावर करडे केस होतेच. "मी आवळून जे करायला निघालो होतो, ते तुम्ही सैल सोडून केलंत. तुमचं बरोबर होतं. माझं चुकलं. हे मी तिला केव्हाच सांगितलंय."

"मला नाही सांगितलंत."

"तिला सांगितलं की तुम्हाला पोचतं, असंच ठरलं होतं ना आपलं?"

नालबंद चहात हसला आणि त्याला ठसका लागला. मी शेगडीकडे गेले. शेगडीवर काही नव्हते, पण मला थोडा वेळ तिकडे तोंड करून उभे राहायचे होते.

कलम सातवे. कलम सहावे रद्द. तबेला, रिंगण, सगळे घोडे, आभाळी आणि तिचा जेरबंद माझ्या दिरांना द्यावा. आभाळी माझ्याआधी गेली, तरी बाकीचे त्यांचेच. नव्या घोड्याला जेरबंद घालताना त्यांनी कड्या घशापर्यंत पोचतात की नाही ते बघावे. बघतील. आज दुपारी त्यांनी माझ्यासमोर तरण्या घोड्याला तो घालून दाखवला. मी जितका ठेवते, त्याहून एक भोक सैलच ठेवला. जरा जास्तच सैल होता, पण मी बोलले नाही.

कलम आठवे. भाऊजी आता माझ्याशी थेट बोलतात. हे लिहून होईपर्यंत चहा पातळ आहे, खिडकी नीट लागलेली नाही आणि शाई फिकी आहे, एवढे सांगून झाले. तेव्हा गरज पडल्यास पुन्हा घोडीमार्फत बोलण्याचा माझा हक्क मी हयातीपुरता राखून ठेवते.

वरील सर्व मजकूर मी स्वतः लिहिला, वाचला, मला तो आवडला आणि खालील दोघांच्या डोळ्यांदेखत त्यावर सही केली.

ठिकाण: माझ्या स्वयंपाकघरातले टेबल. दिनांक: वकीलीणबाईंच्या शिक्क्यात आहे तो, वार मंगळवार, सूर्य मावळायच्या आत.

सही: मास्तरीण

साक्षीदार:

१. जनावरांचे डॉक्टर. आभाळीचे दात कानशीने घासायला आले होते, त्यांना अंगणातून बोलावून घेतले. सातव्या कलमामुळे त्यांना आता काहीही मिळत नाही, म्हणून ते सही करायला मोकळे झाले. हे त्यांना सही केल्यावर सांगितले.

२. नालबंद. त्याला पहिल्यापासूनच काही ठेवलेले नव्हते. अक्षर मात्र सुरेख आहे.

आम्ही सह्या करत असताना भाऊजी दारात उभे होते. त्यांची सही या कागदावर नाही.