मागच्या खोलीचा सुधारित नकाशा

४ ऑक्टोबर, सोमवार

आजपासून मी नकाशा तपासनीस! निघताना ताईने माझी कॉलर सरळ केली, डबा विसरू नकोस म्हणून तीनदा बजावलं आणि जिन्यापर्यंत सोडायला आली. चौतीस वर्षांची घोडी झाले, तरी तिच्या लेखी मी अजून बिगरीतच.

ऑफिसने दिलेलं घर छान आहे. तिसरा मजला, पुढची खोली, स्वयंपाकघर आणि मागची खोली. मागच्या खोलीला ही एवढी मोठी खिडकी, समोर शाळेचं मैदान. तिथे ताईचं शिलाई मशीन मांडलं. त्या उजेडात तिने चष्म्याशिवाय सुई ओवून दाखवली आणि वर माझ्याकडे असं बघितलं, की गडच जिंकला जणू. आईबाबा गेले तेव्हा मी सात वर्षांची होते आणि ताई एकोणीसची. लोकांचे कपडे शिवून तिने मला शिकवलं, त्यात तिचं स्वतःचं सगळं राहूनच गेलं. तेव्हा घरातली चांगली खोली तिची, यावर वाद नाही. वाद तिने घातलाच, पण या वेळी मी हरले नाही.

स्वयंपाकघराच्या चौकटीवर पेन्सिलीच्या खुणा आहेत, दोन मुलांची उंची मोजलेली. आधी राहणाऱ्यांची असणार. ताई म्हणाली, पुसू नकोस, राहू दे.

५ ऑक्टोबर, मंगळवार

साहेबांनी काम समजावलं. माणूस भला आहे, फक्त बोलताना स्क्रीनकडेच बघतो. इमारतीचा जुना नकाशा आणि सुधारित नकाशा दोन्ही सॉफ्टवेअरमध्ये उघडायचे, तीन कोपरे जुळवायचे, की एकावर एक बसतात. फक्त जुन्यात असलेली रेघ लाल दिसते, फक्त नव्यात असलेली निळी, आणि दोन्हीत असलेली काळी. म्हणजे लाल ते गेलं, निळं ते आलं, काळं ते होतं तसंच आहे. साहेबांचा मंत्र एकच, काळं बघायचं नाही. रंग दिसेल तेवढंच तपासायचं, नाहीतर दिवसाला चाळीस फायली उरकणार कशा?

मला हे काम जमणार. ताईच्या हाताखाली वाढलेय मी, एक टाका वाकडा गेला तर दुरून दिसतो मला.

८ ऑक्टोबर, शुक्रवार

अडतीस फायली! शेजारच्या टेबलावरच्या बाई म्हणाल्या, जरा दमाने घ्या, नाहीतर आमची पंचाईत.

सगळ्यांत सोप्या फायली ‘प्रत्यक्ष बांधकामाप्रमाणे दुरुस्ती’च्या. बांधताना नकाशापेक्षा काही वेगळं झालेलं असतं, मग नंतर नकाशा भिंतीप्रमाणे सुधारून घेतात. कागद भिंतीच्या मागे चालतो, तेव्हा डोळे मिटून मंजूर करा, असं साहेब म्हणतात. आज अशा सात केल्या. कुठल्याशा वसाहतीचा तिसरा मजला, एका खोलीची खिडकी लाल. मंजूर. पुढची.

संध्याकाळी

घरी आले तर ताई दिवा लावून शिवत होती. बाहेर लख्ख ऊन. आणि खिडकी नाही.

आधी मला हसूच आलं. हात फिरवून पाहिला. जुनी भिंत, जुना रंग, मधोमध एक गंजका खिळा. ताईला विचारलं तर ती म्हणाली, कसली खिडकी? ही खोली अंधारी आहे हे तिने पहिल्याच दिवशी म्हटलं होतं म्हणे. दिवसभर स्क्रीनमध्ये डोकं घातल्यावर दुसरं काय होणार, असंही वर ऐकवलं. खाली जाऊन रखवालदाराला विचारलं. तो म्हणाला, मैदानाच्या बाजूला कधीच काही नव्हतं.

रात्री मला नीट झोप लागली नाही. सुई कोणी ओवली होती मग?

११ ऑक्टोबर, सोमवार

जाताक्षणी ती फाईल काढली. इमारत आमची. घर आमचं. जुन्या आवृत्तीत खिडकी आहे, लालभडक. म्हणजे मला वेड लागलेलं नाही. खाली ‘मंजूर’, आणि त्याखाली माझं नाव.

साहेबांना दाखवायला गेले. त्यांच्या स्क्रीनवर सगळं काळं. त्यांनी दोनदा कोपरे जुळवले, काळंच. मी त्यांना माझ्या टेबलाशी आणलं. मला लाल दिसत होतं, ते म्हणाले, कुठे? फार प्रेमाने म्हणाले, त्याचीच मला जास्त भीती वाटली. नवी जागा आहे, होतं असं. आधीच्या तपासनिसालाही त्रास झाला होता, तोही त्याच घरात राहायचा.

मी विचारलं, त्यांची मुलं किती मोठी होती? साहेब म्हणाले, मुलं कुठली? सडाफटिंग माणूस. एकटाच आला, एकटाच गेला.

घरी येऊन चौकटीवरच्या खुणा बोटाने मोजल्या. एका मुलाच्या अकरा, दुसऱ्याच्या सहा.

१३ ऑक्टोबर, बुधवार

आमच्या घराच्या नकाशाची तिसरी आवृत्ती आली. मागच्या खोलीचं दार लाल.

हरकत घेतली. लिहिलं, दार आहे, मी रोज त्यातून जाते. हरकत घेतली की पाहणी होते. दुपारीच टेपवाले काका माझ्याबरोबर घरी आले, ऑफिसातून मोजमापाला तेच जातात. त्याच दारातून आत गेले, ताईच्या पलंगावर बसून चहा प्यायले. त्यांच्या शर्टाचं बटण लोंबत होतं, ताईने हिरव्या दोऱ्याने शिवून दिलं, दुसरा दोरा मशीनवर नव्हता म्हणून. काका म्हणाले, माझ्या बायकोपेक्षा हात चांगला आहे तुमचा. मला केवढं हायसं वाटलं.

रात्री ताईच्या पाया पडले. म्हटलं, चल, चार दिवस लॉजवर राहू. ती म्हणाली, शाळेचे तीस गणवेश अर्धे टाकून? सांगून ऐकेल तर ती ताई कसली!

१४ ऑक्टोबर, गुरुवार

काकांचा अहवाल आला. ‘नकाशाप्रमाणे. दार नाही.’ हरकत फेटाळली.

काकांना गाठलं. ते म्हणाले, पुढची खोली मोजली, स्वयंपाकघर मोजलं, अजून काय मोजायचं? ताईचं नाव काढलं तर कोण ताई म्हणून विचारलं. शर्टाला हिरव्या दोऱ्याचं बटण होतं. मी बोट दाखवलं. बायकोने शिवलं असेल, म्हणाले, आणि हळूच मागे सरकले.

अर्धी रजा टाकून धावत घरी आले.

भिंत. सरळ, जुनी भिंत. पलीकडे मशीन चालू.

मी ओरडले, थोपटलं. आतून ताई शांतपणे म्हणाली, केवढ्याने ओरडतेस, शेजारी काय म्हणतील? मी म्हटलं, बाहेर ये. तर ती म्हणते, मी बाहेर कधी जाते?

१५ ऑक्टोबर, शुक्रवार

गवंड्याला बोलावून भिंतीला भोक पाडलं. भोकातून मैदान दिसलं. मुलं खेळत होती. भिंतीपलीकडे काहीच नाही, तीन मजल्यांची पोकळी, आणि वारा आत आला. गवंडी माझ्याकडे बघत राहिला. त्याला मशीन ऐकू येत नव्हतं. मला येत होतं, त्याच भिंतीतून.

त्याने भोक बुजवलं. मी ‘नको’ म्हणायच्या आत.

१८ ऑक्टोबर, सोमवार

चौथी आवृत्ती. अख्खी खोली लाल. चारही बाजू.

हरकतीची चौकट बंद आहे. एकाच कारणाला दोनदा हरकत चालत नाही. नामंजूरचं बटण दाबलं तर ‘कारण आढळले नाही’. काहीच केलं नाही तर बुधवारी पाच वाजता आपोआप मंजूर. मी स्वतः नकाशा काढला, खोली, दार, खिडकी, सगळं निळं. अपलोड होईना. तपासनिसाला नकाशा सादर करता येत नाही.

साहेबांना म्हटलं, मुदत वाढवून द्या, पाया पडते. त्यांनी फाईल उघडली. म्हणाले, यात फरकच नाही, वाढवू कशाच्या जोरावर? मग रजेचा अर्ज त्यांनीच माझ्यासाठी भरला.

पहिली मंजुरी माझी आहे. कोणाला बोल लावू?

१९ ऑक्टोबर, मंगळवार

दिवसभर भिंतीशी. ताई बोलते, पण —

पलंग लहान आहे म्हणते. पाय दुमडून झोपते. पहिल्यापासूनच म्हणे.

दुपारी म्हणाली, बसूनच झोपायची सवय आहे मला.

गणवेशांचं विचारलं. कसले गणवेश? कापड केव्हाच संपलंय. मशीन तरी चालूच.

आईचा चेहरा आठवतो का, विचारलं. म्हणाली, कोणाची आई?

२० ऑक्टोबर, बुधवार

तीन वाजले. लॅपटॉप मांडीवर. खोली अजून लाल आहे. लाल आहे तोवर आहे.

चार. ती उभी आहे आता. बसायला जागा कधी नव्हतीच म्हणते. त्रास नाही. काही दुखत नाही. तेवढं तरी —

सव्वाचार. मी सगळं सांगितलं तिला. तापात रात्रभर मांडीवर घेऊन बसायचीस. माझ्या फीसाठी कानातलं मोडलंस. ती ऐकत होती. मधे हुंकार देत होती, परक्याची गोष्ट ऐकावी तसा.

साडेचार. साहेबांना फोन. उचलत नाहीत.

पावणेपाच. ताईने मला ‘तुम्ही’ म्हटलं. म्हणाली, तुम्ही रडताय का? दार उघडलं असतं हो, पण माझ्या घराला दार नाही. तुमचं कोणी हरवलंय का?

बहीण, म्हटलं. मोठी.

अगबाई, म्हणाली. रडू नका, सापडेल. काय म्हणून हाक मारता तिला? मीही मारते या बाजूने. कदाचित इकडे आली असेल.

मी सांगितलं.

चार छप्पन्न. ती हाका मारते आहे. माझ्यासाठी. भिंतीच्या आतून, जीव तोडून — ताई, अगं ताई, तुझी बहीण आलीय गं, किती वेळ वाट बघतेय, ये ना —

थांबून विचारते, आली का हो?

नाही म्हटलं. पुन्हा मारते म्हणाली. तुम्ही पण मारा, दोघी मिळून —

मारतेय. दोघी मारतोय. आवाज बारीक झालाय तिचा. अठ्ठावन्न. लाल अजून — ताई — ती म्हणते, कोणीतरी ओ दिल्यासारखं वाटलं, थांबा हं, मी बघून