ब्रेक ऑइलची तिसरी बाटली

लाऊथ, लिंकनशायर
८ मार्च १९८७

चि. ईनिड हिस थोरल्या भावाचे अनेक आशीर्वाद. (पोचले की कळव. मागचे वाटेतच हरवलेले दिसतात.)

तुझं पत्र नाही, म्हणजे एकतर तू रागावलीस, नाहीतर तिकिटं संपली. सोबत चार तिकिटं पाठवतोय. आता सबब नको.

माझी गाडी आता गाडीसारखी दिसायला लागली आहे. बारा खोक्यांतून आलेले भाग, भंगारातल्या मोटारीचं इंजिन आणि बाकी सगळा माझा हट्ट. या आठवड्यात ब्रेक ऑइलच्या बाटल्या बसवल्या. या सुट्या भागांच्या किटबरोबरच्या पुस्तिकेत त्याबद्दल एकच वाक्य आहे, की बाटल्या सोयीच्या जागी बसवाव्यात. कोणाच्या सोयीच्या, ते लिहिणाऱ्यानं पोटातच ठेवलं. बाटली ब्रेकच्या सिलिंडरपेक्षा उंच हवी, सायलेन्सरच्या तापलेल्या नळीपासून लांब हवी, आणि झाकण न उघडता आत ऑइल किती ते दिसायला हवं. एवढं जमवून तिन्ही बाटल्या ओळीत बसवल्या आणि बॉनेट लावायला गेलो, तर तिसरीचं टोपण दोन बोटं वर! आता बॉनेट कापून फुगवटा करावा लागणार. शेजारचा पर्सी म्हणतो, गाडीला टेंगूळ आलं.

फ्रान्सिसचं पत्र आलं. बाळाचा बाप्तिस्मा ७ जूनला आहे. आई येईल का, हे तुझ्या लेकीनं तुला न विचारता मला विचारलंय. काय ते समज.

लोभ आहेच. तो टिकावा म्हणून मनुका घातलेला इथला प्लम ब्रेड वेगळ्या टपालानं पाठवतोय.

तुझा,
क्लिफर्ड

व्हिटबी, यॉर्कशायर
१५ मार्च १९८७

प्रिय क्लिफर्ड यास,
स. न. वि. वि. त्यातली विनंती काही नाही, विशेष मात्र आहे.

मला मोटारीतलं काही कळत नसलं तरी तीनपर्यंत मोजता येतं. नाताळात तू जेवणाच्या टेबलावर मीठदाणी आणि मोहरीची बरणी मांडून मला शिकवलं होतंस, की एक बाटली पुढच्या चाकांची, एक मागच्या चाकांची, म्हणजे एकीनं दगा दिला तरी दुसरी असते. क्लच तर केबलवर आहे, त्याला ऑइल लागत नाही, अशी फुशारकीही मारली होतीस. मग तिसरी बाटली कुणाची? शाळेच्या प्रयोगशाळेत मी तीस वर्षं बाटल्या धुतल्या. बिनकामाची बाटली कोणी मांडून ठेवत नाही, त्यातून तिच्यापायी बॉनेट कापावं लागत असताना तर नाहीच.

फ्रान्सिसला कळव की मला सर्दी झाली आहे आणि ती जूनपर्यंत टिकेल. तिचा बाप लायनेल त्या अपघातात गेल्यापासून नऊ वर्षं मी मोटारीत बसलेली नाही, हे तिला ठाऊक आहे. तिच्या फार्मवर ना बस जाते ना रेल्वे, आणि मूरच्या ओसाड माळावरून बारा मैल चालायचं माझं वय राहिलं नाही. बाळाला बघायची मला इच्छाच नाही असं तिला वाटतं. नातवाचा नुसता फोटो बघत बसले आहे, आणि ते मनाला खातं. पण नाही जमत.

ब्रेड उत्तम होता. तुझी उत्तरंही तशीच भरीव असावीत, ही अपेक्षा.

तुझी,
ईनिड

लाऊथ
२९ मार्च १९८७

चि. ईनिड, अ. आ.

तिसरी बाटली जादाची आहे. शेतकऱ्यांची यंत्रं दुरुस्त करण्यात जन्म गेला माझा. जादाचं असलेलं बरं असतं.

बातमी वाईट आहे. बाटलीपासून सिलिंडरपर्यंत ज्या रबरी नळ्या जोडल्या, त्या तीन आठवड्यांत दुधात भिजवलेल्या पावासारख्या फुगल्या. उजवीकडच्या दोन्ही आणि डाव्या सीटपुढून जाणारी तिसरीसुद्धा. एक सुटली, आणि ऑइल जिथे जिथे सांडलं तिथे माझा हिरवा रंग सालीसारखा निघून आला. ब्रेकच्या बाबतीत अशी चूक करणाऱ्यानं बागेतले वाटाणे लावत बसावं. पर्सीला सांगितलेलं नाही, तूही सांगू नकोस.

लोभ थोडा जपून वापर, सध्या माझ्याकडे कमी उरलाय.

तुझा,
क्लिफर्ड

व्हिटबी
५ एप्रिल १९८७

प्रिय क्लिफर्ड यास,
स. न. वि. वि. यावेळी विनंतीसुद्धा आहे.

नळीवर काय छापलंय ते चष्मा लावून वाच. ती पेट्रोलची असणार. ट्रॅक्टरवाल्यांना सगळ्या काळ्या नळ्या सारख्याच. अरे, रबरारबरात फरक असतो. पेट्रोलला जे टिकतं ते ब्रेक ऑइलमध्ये फुगून मऊ पडतं, आणि उलटंही होतं. आमच्या प्रयोगशाळेत एका नव्या मास्तरांनी असेच रबरी बुचांचे लगदे केले होते. सगळं ऑइल ओतून दे, सिलिंडरातली रबरं बदल आणि ब्रेक ऑइलचीच नळी मागून घे. वाटाणे पुढच्या वर्षी लाव.

आता मुद्द्याचं. दोन नळ्या उजवीकडे, तिथे तू बसणार. तिसरी डाव्या सीटपुढून जाते, असं तूच लिहून बसलास. त्या सीटपुढे काय आहे? सरळ उत्तर दे, नाहीतर पर्सीला पत्र टाकते.

लोभ उत्तरावर अवलंबून.

ईनिड

लाऊथ
१८ एप्रिल १९८७

चि. ईनिड, अ. आ.

नळी पेट्रोलचीच निघाली. हरलो. दोन्ही बाबतींत हरलो.

डाव्या सीटपुढे एक पेडल आहे. ब्रेकचं. दिखाऊ नाही, खरं. त्याचा सिलिंडर वेगळा, नळी वेगळी, मागच्या चाकांवर ब्रेकही वेगळे. मी डुलकी घेतली, मला काही दिसलं नाही, मी मूर्खपणा केला, तरी डावीकडच्या माणसानं पाय दाबला की गाडी थांबते. तिसरी बाटली त्या पेडलची.

का, ते सांगतो. अपघातानंतर तू दवाखान्यात होतीस आणि तुझी पर्स आणायला मी गॅरेजमध्ये गेलो होतो. लायनेलच्या बाजूचं काही बघण्यासारखं राहिलं नव्हतं. तुझ्या बाजूच्या रबरी चटईला टाचेएवढं भोक पडलं होतं, खालचा पत्रा दिसत होता. तिथे ब्रेक नव्हता आणि तू तो दाबत होतीस. मी चटई गुंडाळली आणि कोणाला दिसायच्या आत टाकून दिली. नऊ वर्षं बोललो नाही, कारण बोलण्यातलं मला काही येत नाही. पाना हातात असला की थोडंफार येतं.

७ जूनला माझ्याबरोबर चल. तुझा ब्रेक तुझ्या पायाशी.

तुझा,
क्लिफर्ड

व्हिटबी
१७ मे १९८७

प्रिय क्लिफर्ड,

महिनाभर लिहिलं नाही. आधी राग आला, की हा न विचारता माझ्या आत डोकावला. मग राग गेला आणि भीती उरली, कारण आता उरलेलं सांगणं भाग आहे.

मोटारीची भीती वाटते, हे मी जगाला दिलेलं कारण. वळणावरून आलेला ट्रॅक्टर मी लायनेलच्या आधी पाहिला. तो रेडिओचं बटण फिरवत होता. मी पाय दाबला, जीव खाऊन दाबला, आणि तोंडातून शब्द फुटला नाही. नुसतं 'बघ' म्हणाले असते तरी पुरलं असतं. हे फ्रान्सिसला माहीत नाही. तिच्या बापाला मी सावध केलं नाही आणि तिच्या घरी जाऊन केक खाऊ? म्हणून जात नाही.

तरी येते. तीस मैलांच्या वर वेग नको, आणि त्या पेडलची परीक्षा माझ्या दारात मी स्वतः घेणार.

लोभ आहे, तसाच राहू दे.

ईनिड

लाऊथ
२४ मे १९८७

चि. ईनिड, अ. आ.

नव्या नळ्या पंधरा दिवस जशाच्या तशा आहेत. सरकारी तपासणीही झाली. तपासनिसानं डावं पेडल बघून विचारलं, हे कशाला. बहिणीसाठी, म्हणालो. त्यानं जरा विचार केला आणि सासूबाईंसाठी असं बसवून मिळेल का, म्हणून विचारलं.

तू लिहिलंस त्याबद्दल. त्या वर्षीच मी त्या वळणावर जाऊन आलो होतो. ट्रॅक्टर दिसतो तिथून धडकेच्या जागेपर्यंत पंचवीस पावलं. त्या वेगात तुझा शब्द त्याच्या कानात शिरून पायापर्यंत उतरला नसता. समजूत काढायला लिहीत नाही, मी मोजलं आहे.

शनिवारी, ६ जूनला, संध्याकाळी पोचतो. कानटोपी काढून ठेव, गाडीला छप्पर नाही.

क्लिफर्ड

व्हिटबी
११ जून १९८७

प्रिय क्लिफर्ड यास,
स. न. वि. वि. नाकाची सूज उतरली का? पेडल दाबून परीक्षा घेणार हे मी आधी कळवलं होतं.

प्रवासात तू होतास, तेव्हा तो सांगत नाही. तुला न दिसलेलं तेवढं लिहिते. मूरवरच्या उतारावर ती मेंढी आणि तिची दोन कोकरं रस्त्यात आली, तेव्हा मी पेडल विसरले असं तुला वाटलं. विसरले नव्हते. पाय त्याच्यावरच होता. पण तो दाबायच्या आधी मी ओरडले. तूही दचकलास इतकी, आणि गाडी तू थांबवलीस. मेंढी निघून गेली तरी मी ओरडतच होते म्हणे.

मग फार्मवर तू बाहेर सगळ्यांना बॉनेट उघडून दाखवत होतास, तेव्हा स्वयंपाकघरात मी फ्रान्सिसला सगळं सांगितलं. रेडिओ, ट्रॅक्टर, माझं गप्प राहणं. तिनं हातातली बशी खाली ठेवली. मग पाळण्यातून बाळाला उचलून माझ्या हातात दिलं आणि चहा टाकायला गेली. त्याची मान धर, मान धर, एवढंच तिकडून सांगत राहिली.

जुलैत पुन्हा येते असं तिला सांगून आले आहे. तुला विचारलेलं नाही.

घसा बसलाय, म्हणून थोडक्यात आटोपते. लोभ मात्र पुरा आहे.

तुझी,
ईनिड