बाबांचं जपानी

रविवार, ८ जून

चि. भिंगरीस, अ. उ. आ.

तुझं पाकीट मिळालं, पेनड्राइव्ह शाबूत आहे. तू सुचवलेला कंगवेवाल्या भावांचा सिनेमा आज दुपारी पाहिला. मंडळी नेहमीचीच. शेजारच्या गणिताच्या बाई, कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानातले कंपाउंडर, तुझी आई आणि मी. दोन सख्खे भाऊ एकाच दुकानात समोरासमोर बसून लाकडी कंगवे तासतात आणि एकमेकांशी बोलत नाहीत, एवढ्यावर त्या जपानी माणसाने अख्खा सिनेमा काढलाय! कंपाउंडर सारखे विचारत होते की हाणामारी कधी सुरू होणार. बाईंनी त्यांना सांगितलं की ती मघापासून सुरूच आहे, तुम्हाला दिसत नाही एवढंच. एवढं होऊन शेवटी डोळे पुसणारे कंपाउंडरच, आणि वर म्हणाले की कंगव्याचा भुसा डोळ्यात गेला.

पडद्यावर खाली येणारी इंग्रजी अक्षरं मी मोठ्याने वाचतो, आपल्या भाषेत करून. तुझ्या आईला ती दिसत नाहीत. पूर्वी तीच माझ्याआधी वाचून पुढचं सांगून टाकायची आणि मी चिडायचो. आता पडद्यावर तिला नुसती धुक्यातून फिरणारी माणसं दिसतात. माझा उभा जन्म बसस्थानकाच्या भोंग्यावरून गाड्या पुकारण्यात गेला, त्या आवाजाला निवृत्तीनंतर एवढंच काम उरलंय. कंपाउंडर म्हणतात की मी प्रेमाचा प्रसंगसुद्धा गाडीचा फलाट बदलल्यासारखा वाचतो. म्हणू देत. त्यांच्या चिठ्ठ्यांवरचं अक्षर तरी कुठे कोणाला लागतं.

आईच्या ऑपरेशनचं विचारलं आहेस. बघू. ती म्हणते, घाई काय आहे.

मला हल्ली एका जागी बसवत नाही. सकाळी उगाच स्थानकापर्यंत जाऊन येतो. तिथे आता मशीन गाड्या पुकारतं. एका सुरात, न चुकता, जीव नकोसा व्हावा इतकं कंटाळवाणं. घरी येतो, खुर्ची खिडकीशी नेतो, पुन्हा दाराशी आणतो. आई म्हणते की तिला दिसत नाही, निदान खुर्च्या तरी जागेवर राहू देत.

पुढचा सिनेमा लवकर पाठव. फोन मला जमत नाही हे तुला ठाऊक आहे, तेव्हा चार ओळी लिहिण्याचा आळस करू नकोस.

तुझा,
बाबा

*

रविवार, १५ जून

ती. बाबांस, सा. न. वि. वि.

बघू म्हणजे काय, बाबा? मी आले होते तेव्हा डोळ्यांच्या डॉक्टरांनी माझ्यादेखत स्पष्ट सांगितलं होतं. मोतीबिंदू पूर्ण पिकलाय, आणखी थांबलात तर डोळ्यातला दाब वाढेल आणि मग ऑपरेशन करूनही नजर परत येणार नाही. तुम्ही तेव्हा मान डोलावली होतीत. ती मान हो म्हणत होती की नुसती हलत होती, ते आता कळलं.

इथे माझा जीव टांगणीला लागलाय. परवा एका माणसाची कवळी करताना समोरचा दात उलटा बसवला. आमच्या मुख्य कारागिरांनी ती सगळ्या लॅबला दाखवली आणि विचारलं की हे गिऱ्हाईक मागे वळून हसतं का. मी हसले, पण डोक्यात आईची शिलाई मशीन होती. सगळ्या गल्लीचे कपडे अल्टर करून देणारी बाई आता मशीनवर आच्छादन घालून बसलीये, आणि तुम्ही मला सिनेमे मागताय.

मागताय तर पाठवते, कारण मलाही राहवत नाही. या वेळी चटईवाल्याचा. एक म्हातारा कारागीर लोकांच्या घरांत जमिनीवर गवती चटया बसवतो, आणि त्याची बायको त्याच्यामागून झाडून काढते. बस, एवढीच गोष्ट. कंपाउंडरांना आधीच सांगून ठेवा की कोणी कोणाला मारत नाही. या लोकांचे सिनेमे बघताना काही घडण्याची वाट बघायची नाही. कोण उठलं, कोण बसून राहिलं, दार कोणी लावलं, तेवढं बघायचं. शेवटाकडे तो स्वतःच्या घरातल्या चटया बदलतो, तो प्रसंग मी इथल्या माझ्या मैत्रिणींना दाखवला तेव्हा आमच्यातली सगळ्यात बडबडी सुद्धा गप्प झाली. त्यानंतर तुम्हा चौघांचं काय होतं ते मला कळवा.

आणि आईला एकदा ठामपणे सांगा. माझं ती उडवून लावते, तुमचं ऐकेल.

तुमची माया माहीत आहे, थोडी ऑपरेशनच्या तारखेतही दिसू दे.

तुमची,
भिंगरी

*

रविवार, २९ जून

चि. भिंगरीस, अ. उ. आ.

हे पत्र मी सांगते आहे आणि गणिताच्या बाई लिहून घेताहेत. फोनवर बोलायचं तर तुझे बाबा शेजारी येऊन उभे राहतात, म्हणून त्यांना भाजी आणायला पाठवलंय. त्यांना निवडताही येत नाही, तेव्हा वेळ लागेल.

चटईवाला बघितला. म्हणजे ऐकला. भिंगरे, असा सिनेमा मी जन्मात ऐकला नव्हता. शेवटी तो म्हातारा आपल्या घरातली जुनी चटई उचलतो, आणि बायकोला म्हणतो की सगळ्या गावाच्या पायाखाली मी नवं घातलं, तुझ्या पायाखाली मात्र जुनंच राहिलं. म्हणतो की तू कधी मागितलं नाहीस, म्हणून मला वाटलं तुला नको असेल. मग म्हणतो की आता इथे बस, आणि मला जरा वेळ नुसतं बघू दे. मला इतकं भरून आलं, की पदर तोंडाशी धरला. कंपाउंडर तर उठून पाणी प्यायला गेले. पुरुष माणसं तोंड उघडून बोलतात हे बघायला जपानपर्यंत जावं लागतं बघ.

ऑपरेशनचं आत्ता नको. तुझ्या बाबांनी या वेळी विषय काढला होता, पण त्यांच्या बोलण्यात काही दम नव्हता, आणि मीही विषय बदलला. मला काय कमी आहे? ते वाचतात, मी ऐकते. रविवारची वाट बघण्यात आठवडा निघून जातो. नाहीतर आठवडाभर या घरात दोन माणसं नुसती एकमेकांच्या वाटेतून बाजूला होत असतात. तरी खोटं कशाला बोलू, धीर असा नाही. कपाटं उघडते, काय शोधत होते ते विसरते, बंद करते.

तू जेवणाची हेळसांड करू नकोस, आणि माझ्यावर रागावू नकोस. रागावलीस तर थोडंच रागाव.

तुझी,
आई

(भिंगरी, हे माझं. तुझ्या आईने सांगितलेलं सगळं जसंच्या तसं लिहिलंय. मात्र सिनेमा मीही पाहिलाय, आणि खालची अक्षरं मला वाचता येतात. मी काही बोलले नाही. तू विचार कर. – गणिताच्या बाई)

*

शुक्रवार, ४ जुलै

ती. बाबांस, सा. न. वि. वि.

आईचं पत्र आलं, ते तीनदा वाचलं, आणि मग खात्री करायला सिनेमा पुन्हा लावला. बाबा, चटईच्या त्या प्रसंगात एक शब्द नाही. म्हातारा चटई उचलतो, नवी बसवतो, कडा दाबतो. बायको दारात उभी असते, मग येऊन बसते. खाली एकही अक्षर येत नाही. आईने मला जे सांगितलं, ते कोण बोललं?

मी रागावलेय असं समजू नका. रागावलेयही. ते बोलणं इतकं सुंदर होतं, की मला पहिल्यांदा वाटलं आपल्याकडूनच सिनेमा नीट बघायचा राहिला. पण आता मला भीती वाटते. आई ऑपरेशन का टाळतेय ते तिच्या पत्रात स्वच्छ दिसतंय. आणि तुमच्या बोलण्यात दम का नव्हता, ते मला विचारायचं धाडस होत नाही. तिला दिसायला लागलं, तर पडद्यावरची तोंडं मिटलेली आहेत हेही दिसेल. तुम्ही त्यालाच घाबरताय का?

मी कितीही लांब असले तरी हे मला नीट आणि लवकर लिहा.

तुमची,
भिंगरी

*

गुरुवार, १० जुलै

चि. भिंगरीस, अ. उ. आ.

तुझं पत्र वाचून आधी संताप आला. बापाला जाब विचारते, म्हणून चप्पल घालून निघालो आणि स्थानकाला दोन फेऱ्या मारल्या. मशीन आपलं पुकारतच होतं. मग लक्षात आलं की मी तुझ्यावर नाही, त्या मशीनवरच चिडलोय.

हो, मी बोललो. कंगव्यांच्या सिनेमात एखादं वाक्य लांबवलं होतं, तेवढंच. पण या वेळी तो म्हातारा चटई बसवत होता, खोलीत सगळे शांत, आणि तुझी आई माझ्या बाजूला कान करून बसली होती. वाट बघत होती. काही लिहिलेलं नाही असं म्हणायला तोंड उघडलं, आणि भलतंच बाहेर पडलं. थांबवता येईना. घरात मी आजवर मानेनेच बोलत आलो, हे तूच म्हणतेस. भोंग्यावरून पुकारायचो तेव्हा माझा आवाज माझा नसायचा, म्हणून तो निघायचा. जपान्याच्या नावावर बोलणं मला सोपं गेलं.

घाबरतो का? हो. तिला माझी गरज आहे असे हे एवढेच दिवस आले आणि मला ते सोडवेनात. हे लिहिताना लाज वाटते, पण तू विचारलंस.

स्थानकावरून तसाच मी डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी मला चांगलंच फैलावर घेतलं. म्हणाले की हा महिना उलटला तर जबाबदारी माझी नाही. पहिल्या डोळ्याची तारीख घेऊन आलो आणि तिला सांगितलं की जायचं आहे. आवाज चढला असावा, कारण शेजारच्या बाई गॅलरीत आल्या. तुझ्या आईने विचारलं, की मग तुम्ही मला वाचून दाखवणार नाही ना. मी खुर्ची उचलून दाराशी नेली. तिने पिशवी भरायला घेतली.

तू येऊ नकोस, रजा दुसऱ्या डोळ्यासाठी ठेव. नंतर बघायला एखादा सिनेमा मात्र पाठव. कुठला ते तू ठरव, मला काही सुचत नाही.

तुझा,
बाबा

*

बुधवार, १६ जुलै

ती. बाबांस, सा. न. वि. वि.

पत्र मिळालं. तुमच्यावर मुळीच राग उरलेला नाही, पण काळजी तेवढीच आहे. ऑपरेशन होताच बाईंना फोन करायला सांगा, मी तो फोन हातात धरूनच बसणार आहे.

सोबत बर्फाचा सिनेमा पाठवतेय. खूप वर्षं बाहेरगावी असलेला नवरा घरी परत येतो, आणि बायकोबरोबर छपरावरचा बर्फ काढत राहतो. जवळजवळ कोणीच बोलत नाही. तुम्हाला अडचणीत टाकायचं म्हणून नाही निवडला. निवडायला बसले तेव्हा दुसरा कुठला पाठवावासा वाटेना. नको वाटला तर लावू नका, कंपाउंडरांसाठी तलवारबाजाचा एक घातलाय.

तुम्हा दोघांची,
भिंगरी

*

सोमवार, १८ ऑगस्ट

चि. भिंगरीस, अ. उ. आ.

हे माझ्या हाताने लिहिते आहे. ओळी वरखाली जातात, पण एका डोळ्याच्या मानाने बरं आहे. डॉक्टर म्हणाले की अगदी वेळेवर आलात, आणि तुझ्या बाबांकडे असं बघितलं की ते भिंतीवरचा तक्ता वाचू लागले.

आता ऐक. मला पहिल्यापासून माहीत होतं. मला दिसत नव्हतं, ऐकू तर येत होतं. पडद्यावरचं माणूस बोललं की आधी जपानी ऐकू येतं, मग तुझे बाबा. त्या चटईच्या वेळी आधी काही ऐकूच आलं नाही, नुसता गवताचा आवाज, आणि एकदम तुझे बाबा. एवढं न कळायला मी काय बधिर आहे? डोळे घालवून बसायचं असं मी ठरवलं नव्हतं गं. पण तो माणूस इतक्या वर्षांनी बोलायला लागला होता. आज नको, पुढच्या रविवारनंतर, असं करत राहिले.

काल बर्फाचा सिनेमा लावला. तलवारबाजाचा लावू म्हणून यांनी बरीच खटपट केली, कंपाउंडरही त्यांच्या बाजूने, पण मी ऐकलं नाही. खालची अक्षरं मला दिसत होती, माझी मी वाचत होते. हे खुर्चीत नुसती चुळबुळ करत होते. एकदा उठले, खिडकी लावली, बसले, पुन्हा जाऊन उघडली. मग तो छपरावरचा प्रसंग आला. नवरा-बायको दोन टोकांना, मध्ये बर्फ, आणि खाली काही नाही. मी यांना म्हटलं, वाचा. ते म्हणाले की तिथे काही लिहिलेलं नाही. मी म्हटलं की ते मला दिसतंय, वाचा.

गाडी पुकारायच्या आधी खाकरायचे तसे खाकरले. मग पडद्याकडे न बघता म्हणाले, की ऑपरेशन चाललं होतं तेव्हा मी बाहेर हात जोडून बसलो होतो, आणि हिला दिसू दे म्हणून मागतोय की आणखी थोडे दिवस माझ्याच आवाजावर राहू दे म्हणून, ते माझं मलाच कळत नव्हतं. म्हणाले की या गोष्टीची मला फार लाज वाटते, आणि तू मला हवी आहेस हे मी कुठल्या जपान्याच्या तोंडून आणखी सांगणार नाही. आवाज फलाट पुकारल्यासारखाच होता. बाई आणि कंपाउंडर पडद्याकडे डोळे लावून बसले, तिथे नुसता बर्फ पडत होता.

मी खुर्ची वळवली आणि यांच्याकडे बघितलं. भिंगरे, तुझे बाबा म्हातारे झालेत गं. भुवया सुद्धा पांढऱ्या. मला कोणी सांगितलंच नव्हतं. मी तशीच बघत बसले आणि ते खाली मान घालून, बघू देत, बसून राहिले. सिनेमाचा शेवट काय झाला ते मला ठाऊक नाही, बाईंना विचारून कळवीन.

दुसऱ्या डोळ्याच्या वेळी तू येशीलच. येताना आणखी एखादा सिनेमा आण, तुझ्या पसंतीचा. बोलणं कमी असलेलाच बघ.

तुझी,
आई