तिसरा हिस्सा रूहीचा

मी, कमांडर (निवृत्त) हाफिज करीम शेख, वय एकोणऐंशी, राहणार तलावाच्या पाळीजवळ, मूल, जिल्हा चंद्रपूर, पूर्ण शुद्धीत, कोणाच्याही दडपणाविना ही माझी शेवटची इच्छा लिहून ठेवतो. गुडघे सोडले तर माझे सगळे ठणठणीत आहे. शंका असेल त्याने सकाळी तलावावर येऊन मला पोहताना पाहावे.

१. पत्नी खुर्शीदा हयात नाही. मुले दोन: सैफ, ऊर्जानगरला वीज केंद्रात नोकरीला, आणि निशात, नागपूरला. मिळकतीच्या तीन हिश्श्यांपैकी दोन शरियतीप्रमाणे या दोघांचे. त्यात मला ढवळाढवळ करता येत नाही आणि करायचीही नाही. तिसरा हिस्सा मात्र माझ्या मर्जीचा. तो मी सैफची मुलगी रूही हिला देतो. तिला नौदलात अधिकारी व्हायचे आहे. सैफचा सक्त नकार आहे. तयारीचा खर्च झेपत नाही, हे कारण तरी त्याला यापुढे सांगता येणार नाही.

२. माझी दुर्बीण कै. नथ्थूभाऊ शेंडे यांच्या पत्नी धुरपताबाई यांना द्यावी. तलावातले मासे चोरणाऱ्यांवर नजर ठेवायला त्यांना ती उपयोगी पडेल. लहानपणी मी तलावात नथ्थूभाऊंनी लावलेल्या शिंगाड्यांच्या वेलांत पडीक असे. दोन मडकी पालथी घालून बांबूला बांधायची, त्यावर पोट टेकवायचे आणि शिंगाडे तोडत फिरायचे, हे त्यांनी शिकवले. एकाहत्तरच्या युद्धात आमची गस्ती नौका बुडाली तेव्हा मी लेफ्टनंट होतो. भोवती रिकामे डबे आणि वल्ही तरंगत होती. मी डबे वल्ह्यांना बांधायला लावले आणि जखमी पोरांना त्यावर पालथे पाडले. मदत येईपर्यंत त्यांतला एकही बुडाला नाही. मला शौर्यपदक मिळाले. मानपत्रात ‘प्रसंगावधान’ लिहिले आहे, शिंगाड्यांचा उल्लेख नाही. तो इथे करून ठेवतो.

३. शेजारी रामाजी वाढई गेली तीस वर्षे चहाच्या टपरीवर सांगत आले आहेत की हाफिजभाऊ जहाजावर स्वयंपाकी होते. म्हणून त्यांनाच साक्षीदार केले आहे. माझा हुद्दा लिहिलेल्या कागदाखाली आता त्यांना सही करावी लागेल.

४. पदक रूहीला देऊ नये. तिने तिचे मिळवावे. पदक सैफला. निशातची याला हरकत नाही, तिला फोनवर विचारले आहे. गेल्या ईदला मी रूहीचा विषय काढला तेव्हा सैफ जेवता जेवता थांबला आणि म्हणाला, “अब्बा, पोरीले मी समुद्रावर नाई धाडत. अम्मी पोस्टमनले पाहूनच घाबरे. तुम्ही नव्हते इथी, मी होतो.”

त्याचे म्हणणे खरे आहे. मी पाण्यात होतो आणि वाट पाहण्याचे काम त्या दोघांनी केले. ते कठीण काम होते, म्हणून पदक त्याचे. पण खुर्शीदा घाबरायची तरी दर खेपेला माझी बॅग तीच भरायची, तळाशी चिवड्याचा डबा ठेवून. तिने एकदाही मला जाऊ नका म्हटले नाही. हे सैफने आठवून पाहावे. रूहीवर माझा भरवसा आहे आणि सैफवरही आहे.

५. मला मूलच्या कब्रस्तानात खुर्शीदाच्या शेजारी ठेवावे. बंदुकांची सलामी नको. पलीकडच्या वाडीतल्या शेळ्या बुजतात.

हे सारे मी स्वतः लिहिले, दोन्ही साक्षीदारांना वाचून दाखवले आणि त्यांच्यासमोर सही केली.

ठिकाण: मूल. दिनांक: ३ नोव्हेंबर २०२५.

(सही) हाफिज करीम शेख

साक्षीदार:
(सही) इंदुताई भोयर, निवृत्त शिक्षिका
(सही) रामाजी वाढई. कमांडर होते हे मान्य. स्वयंपाकही करत असतील.

खाली वेगळ्या शाईत:
अब्बांनी वाचायला दिले, वाचले. माझी हरकत नाही. रूहीची बॅग मी भरीन. चिवड्याचा डबा अम्मीचाच आहे घरात.
(सही) सैफ हाफिज शेख