एकतीस मिलीमीटर

गंधवानी, ९ नोव्हेंबर २०२५

ती. नानांना स्वानंदीचा नमस्कार.

मागच्या पत्रात एक खोटं गेलं. आमच्या कॉलेजच्या सर्व्हे कॅम्पात गटाची उंचीमोजणी सुरुवातीच्या खुणेवर परत येऊन तीन मिलीमीटरच्या फरकाने जुळली, असं मी लिहिलं होतं. फरक एकतीसचा होता. बाराच्या वर गेला की सगळं पुन्हा मोजावं लागतं, म्हणून गटातल्या अंकुरने वहीतले दोन आकडे बदलले. मी पाहिलं आणि खाली सही केली.

जेवण बरं आहे, काळजी नसावी. आईचा गुडघा कसा आहे?

चीड नियमांची येते. अभ्यासक्रमाच्या पहिल्याच पानावर उद्देश लिहिलाय, विद्यार्थ्याला स्वतःची चूक शोधता यावी. गुणांच्या पानावर मात्र पहिल्यांदा जुळलं तर वीस, पुन्हा मोजलं तर दहा. चूक शोधण्याला काहीच नाही! हे अंकुरला म्हटलं तर हसला, "तू तो हरिश्चंद्र की नातिन निकली!" गटातली कोमल हसली नाही. दहा गेले तर ती नापास होते. गुण माझेच कापा असं सरांना विनवीन, पण गुण गटाला मिळतात.

तुम्ही पाचवीपर्यंत घरी शिकवलंत, पण खोडरबर कधी दिला नाहीत. चुकलेल्यावर एक रेघ मारून शेजारी बरोबर लिहायचं. खरे आकडे माझ्या कच्च्या कागदावर आहेत. कोमलला आज सांगते. वहीत रेघ मारून ती सरांच्या हातात देईन मंगळवारी, ११ नोव्हेंबरला.

तुमची स्वानंदी