उघाडीजवळचं शेत मितेशला नाही

मी, सगुणा कान्हू घरत, वय अंदाजे चौऱ्याहत्तर, राहणार आंबेखार, गडबजवळ, तालुका पेण, जिल्हा रायगड, माझ्या मालमत्तेची व्यवस्था शुद्धीत आणि राजीखुशीने खालीलप्रमाणे लिहून ठेवते. वय अंदाजे, कारण माझा जन्म कुणी मांडून ठेवला नाही. डोकं मात्र ठिकाणावर आहे. तसा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे, कारण मी गेल्यावर "म्हातारीला भ्रम झालता" असं सांगायला माझा मुलगा मितेश कमी करणार नाही. वकीलबाई ऋजुता यांनी मसुद्यात "माझा प्रिय मुलगा" असं घातलं होतं. ते मी काढायला लावलं.

१. मिठागरात खपून मी स्वतःच्या नावावर घेतलेलं, उघाडीला लागून असलेलं भातशेत. उघाडी म्हणजे खाडीच्या बांधातलं दार. ओहोटीला ते उघडून पावसाचं पाणी बाहेर सोडायचं, भरतीला लावून घ्यायचं. हे शेत ज्याच्या हातात, त्याच्या हातात सगळ्या गावाचं गोडं पाणी. हे शेत मी माझी सून वैशाली मितेश घरत हिला देते. मितेशचा त्यावर कसलाही हक्क नाही, आणि तो का नाही हे मी इथेच लिहून ठेवते, म्हणजे कोर्टात विचारायला मला वरून बोलवायला नको.

गडबच्या नाक्यावर नव्या शहराचा फलक लागला, तेव्हा शहर कुठेच नव्हतं. चित्रात मात्र आमच्या खाडीच्या जागी निळं तळं आणि काठावर कुत्रं फिरवणारी बाई होती. समुद्रावरचा पूल झाला आणि मोटारी यायला लागल्या. डोक्यावर गॉगल लावलेली माणसं बांधावर उभी राहून "व्ह्यू" बघायची. मितेशनं कंपनीतली शिफ्ट सोडली, जमिनींच्या दलालीला नाक्यावर गाळा घेतला, एसी बसवला. त्याच्या वडिलांनी (नवऱ्याचं नाव घ्यायची आमच्यात रीत नाही, कायद्याला लागतं म्हणून वर घेतलं) आपली जमीन जिवंतपणीच लेकाच्या नावे केली होती. ते गेल्यावर पहिली तीच विकली या शहाण्यानं. मग काकांची, मामांची, अख्ख्या आळीची.

आमच्याकडे जमीन ज्याची, तिच्यासमोरचा बांध त्याचा. उधाणाच्या भरतीला बांध फुटून खांड पडली, की घरटी एक माणूस चिखलाचे गोळे घेऊन धावतं. भांडण असो, सुतक असो, धावतंच. हे आमच्यात कुणी कधी लिहिलं नाही. सूर्य कुठे उगवतो ते कुणी लिहितं का? म्हणून विकताना आमची माणसं कागदावर अंगठे देऊन मोकळी झाली, आणि बांधही आता घेणारा सांभाळील असं धरून चालली. घेणारे ठाण्याचे, पुण्याचे. त्यांनी बांध बघितला तो फोटोपुरता. पुढे विचारायला गेलो, तर मितेश तोंड वर करून म्हणाला, बांध कागदात नाही.

गेल्या भाद्रपदात अमावास्येच्या उधाणाला त्याच विकलेल्या जमिनीसमोर खांड पडली. गाव धावला. मी हाका मारत रस्त्यावर गेले, तर हा पांढरे बूट घालून गिऱ्हाइकाला प्लॉट दाखवत उभा. मी म्हटलं, चल रे, पाणी आत शिरतंय. गिऱ्हाईक गाडीत बसेपर्यंत थांबला आणि मला बाजूला घेऊन म्हणाला,

"आये, ऱ्हाऊ दे ती खांड. जमीन खारी झाली का हिरामणकाका पन नाय म्हननार नाय. समदी देतील, मी सांगंन त्या भावात."

हिरामण पाटील म्हणजे आमचा शेजारी. मितेश लहानपणी तापानं फणफणला होता, तेव्हा त्याला पाठीवर टाकून चिखल तुडवत रस्त्यापर्यंत नेलं ते या हिरामणनं. थू तुझ्या जिनगानीवर, मेल्या!

आणि वैशाली? ती रोह्याची, डोंगराकडची. लग्न होऊन आली तेव्हा चिखलात पाय कसा टाकावा हे ठाऊक नव्हतं. त्या दिवशी डोलवीहून कंपनीच्या कँटीनची ड्युटी करून आली, रिक्षातून उतरली ती सरळ बांधावर. पंजाबी ड्रेसची ओढणी कमरेला बांधली आणि छातीएवढ्या पाण्यात उभी राहून गोळे लावत राहिली. घरटी एक माणूस, ते आमच्या घरचं तीच. खांड बुजली, पण आतल्या शेतांचं यंदा वाटोळं झालं. तिनं नवऱ्याला घरी एक शब्द विचारला नाही. मी मात्र विचारला, आणि तेव्हापासून मितेश आणि मी बोलत नाही.

२. विकलेल्या जमिनीसमोरचा बांध. कागदात तो नाही, हे मितेशचंच म्हणणं. मग तो विकलाच गेला नाही. तेवढा बांध मी मितेशला देते. सोबत त्याच्या वडिलांचं फावडं.

३. राहतं घर वैशालीचं. मितेशला राहायचं असेल तर तिला विचारून राहावं. गौरी-गणपतीला हमरापूरची मूर्ती येते ती येत राहावी.

४. घरामागचं जिताडा माशांचं तळं आळीच्या सामाईक मालकीचं. त्यातला एकही जिताडा यापुढे कुठल्याही साहेबाच्या घरी जाता कामा नये. मी वाढवायचे आणि यानं कागद हलवायला नेऊन द्यायचे, असं पुष्कळ झालं.

५. अंमलबजावणी हिरामण पाटील यांनी करावी. ते भिडस्त आहेत, म्हणून बजावते: मितेश रडायला लागला तरी ऐकू नये. त्याला रडता चांगलं येतं.

६. माझी मयत. उधाणाच्या दिवशी मी गेले आणि त्याच वेळी खांड पडली, तर मला घरात तशीच ठेवावी आणि सगळ्यांनी बांधावर जावं. मयत थांबते, भरती थांबत नाही. मितेशला माझ्या उशाशी बसू देऊ नये. घरटी एक माणूस लागतं, आणि त्या दिवशी आमच्या घरचं ते तो असेल. त्यानं पहिला गोळा लावल्याशिवाय माझ्या तोंडात पाणी घालू नये.

हे सर्व मला वाचून दाखवलं, मला पटलं, म्हणून खाली सही करते. अंगठा नाही, सही.

सगुणा कान्हू घरत

साक्षीदार, ज्यांना यातलं काहीही मिळत नाही:
१. दत्तात्रेय म्हात्रे, निवृत्त पोस्टमन, गडब
२. सावनी जोशी, शिक्षिका, पेण

ठिकाण: पेण
दिनांक: ९ जानेवारी २०२६