उदाहरण तेविसावे

तोंग्योंग, ३० सप्टेंबर १९९६

चि. मिर्योंग हिस,
अ. आ. (सवयीने लिहिले, मनापासून नाही.)

सोलला बसून प्रबंध लिहिलास, सोनेरी अक्षरांच्या पुठ्ठ्यात बांधलास, सही करून नातेवाइकांत वाटलास. आनंद आहे. पण माझ्या सासऱ्यांना कशाला पाठवलास गं?

छुसकच्या सणाला पितरांची पूजा झाल्यावर मामंजींनी तो कौतुकाने उघडला. एकाच माणसाचा दोन नावांनी उल्लेख करायचा तर कोरियन भाषेत ती नावं शेजारी शेजारी कशी बसतात, असलं काहीतरी. चष्मा लावून उदाहरणं मोठ्याने वाचू लागले. तेविसावं आलं: "माझा नवरा, तो बेवडा, आजही होडीवर गेला नाही, असं ओक्बुनताई लिहिते." घास हातातच राहिले सगळ्यांचे.

मेले, माझी पत्रं ती! तुला विश्वासाने लिहिलेली. आता मामंजी म्हणतात, हे खोटं होतं असं सगळ्यांसमोर कबूल कर, नाहीतर माहेरची वाट धर. धरू कुठली वाट? आईबाबा आहेत का आता?

लोभ आटला आहे.
तुझी ताई

सोल, ७ ऑक्टोबर

ती. ताईस सा. न. वि. वि.

चुकलं. कोणी प्रबंध भेट दिला की लोक कपाटात ठेवतात, उघडत कोणी नाही. त्या भरवशावर राहिले. बाकी सगळी नावं बदलली, तुझं तेवढं राहिलं.

पण रागावले मीही आहे. सहा वर्षं हे फक्त मलाच लिहीत आलीस, भावोजींना एकदा तरी म्हणालीस का? खोटं आहे म्हणालीस तर मी तुझ्याशी बोलणार नाही. माझ्या खोलीत दोघींना झोपता येईल. ये.

आशीर्वाद देणार नसलीस तर निदान शिव्या पाठव.
मिर्योंग

तोंग्योंग, १६ ऑक्टोबर

चि. मिर्योंग हिस अ. आ.

रविवारी मामंजींनी सगळ्यांना बसवलं. मी म्हणाले, वाक्य माझं आहे आणि खरं आहे. हे मान खाली घालून बसले. मामंजींनी लेकाकडे पाहिलं, माझ्याकडे नाही. दुसऱ्या दिवशी पहाटे स्वतः उठून त्याला कालवं काढायच्या होडीवर घेऊन गेले. आज तिसरा दिवस. पुढचं मला माहीत नाही. माहेरचं नाव मात्र कोणी काढलं नाही.

तुझा गुन्हा माफ नाही. आभाराचं पान मी आत्ता पाहिलं. सरांचे आभार तीनदा, छापखान्याचे एकदा, आणि माझ्यासाठी नुसतं "ताईस"? या घरात अकरा वर्षं सगळ्यांसाठी मी संगजिनची आई. माझं नाव छापलंस तेही बेवड्याच्या वाक्यात!

किमचीच्या दिवसांत ये. दीडशे कोबी आहेत, मिठात घालायला हात हवेत. येताना पेन आण. गावातल्या सगळ्या प्रती गोळा करून ठेवते. प्रत्येकीत, आभाराच्या पानावर, तुझ्या हाताने लिही: माझी ताई, ओक्बुन. मामंजींची प्रत आधी.

लोभाचं तेव्हा बघू.
ओक्बुन